दोन आवाजांचा अल्बम

अल्बमची अर्धी गाणी झाली होती, तेव्हा आमच्या गायकाच्या गळ्यात गाठ निघाली.

आम्ही चौघं कॉलेजपासून एकत्र होतो. मी गिटार वाजवायचो, एक जण बास, एक जण ड्रम, आणि तो गायचा. पोटाचे उद्योग वेगवेगळे. मी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, ड्रमर वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात, आणि तो चादरी-टॉवेलच्या एका मोठ्या दुकानात काउंटरवर. सोलापुरात आमचा रॉक बँड आहे असं सांगितलं की लोक आधी हसायचे, मग विचारायचे, लग्नात वाजवता का? आम्ही लग्नात वाजवत नव्हतो. गाणी आमची स्वतःची, मराठी, आणि जवळजवळ सगळी त्यानंच रचलेली. त्याच्या घरी तेलुगू बोलतात. तरी गाणं त्याला मराठीतच सुचायचं. असं का, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

शहराच्या जुळे सोलापूर भागात बास वाजवणाऱ्याच्या घरी गच्चीला लागून एक खोली होती. तिथंच आम्ही रेकॉर्डिंग करायचो. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गायकाच्या दुकानातल्या डागी चादरी ठोकल्या होत्या. पंख्याची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून गाताना पंखा बंद. उन्हाळ्यात त्या खोलीत अंग भाजून निघायचं. गाणं संपलं की तोच पहिला बटणाकडे पळायचा.

त्या दिवशी तो आला आणि माइकपाशी न जाता स्पीकरवर बसला.

"गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय म्हणतेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे काढताना नस वाचली तर वाचली. न्हाय तर आवाज गेला."

"पुण्याला दाखवू की," ड्रमर म्हणाला.

"दाखवून आलो बे. तिथं बी तेच."

कॅन्सर हा शब्द त्यानं उच्चारला नाही. आम्हीही नाही. ऑपरेशन लगेच कर, अल्बमचं नंतर बघू, असं मी म्हणालो. त्यानं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. थोडे दिवस थांबलं तर चालणार होतं. त्या दिवसांत जमेल तेवढं गायचं त्यानं ठरवलं होतं.

आवाज आधीच बसायला लागला होता. वरचा सूर लावताना मध्येच फाटायचा. मी म्हणालो, "गाणं जरा खालच्या पट्टीत घेऊ." तो चिडला. "माझं गाणं हाय. जिथं हाय तिथंच गाणार." एक ओळ तो पुन्हा पुन्हा गायचा, घामानं शर्ट पाठीला चिकटायचा, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता वाजवत राहायचो. थांब म्हणायची माझी छाती झाली नाही. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ आलीच नाही. हेडफोन काढून त्यानं हळूच खुर्चीवर ठेवला आणि म्हणाला, "राहू दे आता."

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, नस मात्र वाचली नाही. जीव वाचला, नशीबवान आहे, असं जो तो म्हणत होता, आणि ते खरंही होतं. त्याचं बोलणं आता नुसती हवा होतं, जिन्यावरून धावत आलेल्या माणसाचं असतं तसं. फोनवर काही कळायचं नाही. रिक्षावाले म्हणायचे, "जोरात बोला की ओ." दुकानाचा मालक भला माणूस. त्यानं कामावरून काढलं नाही, काउंटरवरून उचलून मागं गोडाऊनमध्ये बसवलं. गिऱ्हाइकाला हाक मारून बोलावणं ही ज्याची खासियत, तो दिवसभर गठ्ठे मोजायला लागला.

आम्ही खोलीला कुलूप लावलं. अल्बमचा विषय कुणी काढत नव्हतं. शेवटी त्यानंच काढला. एका रविवारी सकाळी तो सगळ्यांना बोलावून खोलीवर आला, आणि सोबत एक मुलगी. अक्कलकोटकडची, इथं एका शाळेत शिक्षिका. घरी कन्नड बोलणारी, मठात भजनं गात मोठी झालेली. शाळेच्या कार्यक्रमात त्यानं तिला ऐकलं होतं.

"ही गाईल," तो म्हणाला. ऐकू यावं म्हणून बास वाजवणाऱ्यानं उठून पंखा बंद केला.

ड्रमरनं काठ्या खाली ठेवल्या. "मला न्हाय जमणार," म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला. आमचा गायक त्याच्यामागं गेला. बाहेर काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. दोघं परत आले तेव्हा ड्रमरचे डोळे लाल होते, पण तो वाजवायला बसला.

मग महिना-दीड महिना त्यानं तिला गाणी शिकवली. गाऊन दाखवता येत नव्हतं. मग हात वर-खाली करून सूर दाखवायचा, मांडीवर ठेका धरायचा. ती विचारायची, "दादा, हितं श्वास घेऊ का?" तो नाही म्हणून मान हलवायचा, शब्द संपेपर्यंत बोट हवेत धरून ठेवायचा. तिचा आवाज स्वच्छ होता, भरलेला होता. त्याच्यासारखा अजिबात नव्हता. उरलेली गाणी तिनं गायली. चांगली गायली. रेकॉर्डिंगला तो दाराजवळ उभा राहायचा आणि गाणं संपलं की अंगठा दाखवायचा.

सगळं झाल्यावर तो म्हणाला, "मी गायलेली चार गाणी बी तिच्याकडूनच गाऊन घ्या."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"तुमी बाहेर वाजवणार. लोकांसमोर ती उभी राहणार. मग अल्बमवर मी कशाला?"

"तू हायेस म्हणून," ड्रमर म्हणाला.

"मी न्हाय आता." तो मोठ्यानं बोलायला गेला, आणि नुसता खोकला आला.

इतके दिवस ती आमच्यासमोर कधी उलट बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "दादा, बाकी काय सांगाल ते गाईन. ही चार गाणार न्हाई." पर्स उचलून ती जिना उतरून गेली. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. अल्बम दोन आवाजांत आला. मोबाइलवर थोड्याफार लोकांनी ऐकला.

पुढं एका कॉलेजात आमचा कार्यक्रम झाला. त्याची गाणी वाजवायची नाहीत असं आमचं ठरलं होतं. पण मुलांनी आरडाओरडा करून त्यातलंच एक मागितलं. तिनं प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं, त्यानं हात हलवून गा म्हणून सांगितलं, आणि ती गायली. गाणं संपलं तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. पार्किंगमध्ये तो स्कूटरला टेकून उभा होता. मी जवळ गेलो, त्याच्या तोंडाशी कान नेला.

"मला राग आला बे," तो म्हणाला. "वाईट गायली असती तर आला नसता."

त्यानंतर तो खोलीवर आला नाही. भांडण झालं नाही. दुकानात गेलो की चहा पाजतो, घरचं विचारतो. गाण्याचं सोडून सगळं विचारतो.

परवा दुपारी त्याच्या घरी गेलो होतो. तो दुकानात होता. त्याची आई स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती, आणि ओट्यावरच्या मोबाइलवर त्याचं गाणं चाललं होतं. ते शेवटचं, अपुरं. मला बघून ती ओशाळली.

"तो असला की लावत न्हाय मी," म्हणाली. "त्याला सांगू नको हां."

मी पाटावर बसलो. तिनं मला पाणी दिलं आणि पुन्हा भाजी निवडू लागली. शेवटची ओळ नाही, तिथं नुसती माझी गिटार वाजते. तिला ते पाठ असावं. तिनं गाणं परत सुरुवातीपासून लावलं. दुसरं कडवं चालू असताना बाहेर स्कूटर थांबली. तिनं घाईनं मोबाइल पदराखाली घेतला आणि आवाज बंद केला.

तो आत आला, मला बघून हसला आणि काहीतरी म्हणाला. मी उठून जवळ गेलो.

"जेवलास का?" तो विचारत होता.