नाकावरच्या जखमेचे पथ्य

आत्याच्या नाकपुडीशेजारी मोत्यासारखी चकाकणारी एक पुळी होती. तोंड धुताना तिच्यातून रक्त यायचे, खपली धरायची, खपली पडायची आणि पुळी पुन्हा तिथेच. पावसाळ्यापासून हे चालले होते. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून नाशिकमधल्या एका प्रयोगशाळेत काम करते. जानेवारीत निफाडजवळच्या तिच्या द्राक्षबागेत गेले आणि ती पुळी पाहताच मला त्वचेच्या कर्करोगाची शंका आली.

आत्याला कसलीच शंका नव्हती. तिच्याकडे पथ्य होते. आमच्याकडे अंगावर काही उठले की त्याला ‘उष्णता’ म्हणतात आणि उपाय स्वयंपाकघरातून सुरू होतो. वांगे बंद, लोणचे बंद, मिरची निम्म्यावर. त्यात मोबाइलवर पाहिलेल्या गाजर-बीट-आवळ्याच्या रसाची भर.

“पथ्यानं लय फरक हाय. परवाच खपली पडली.”

“खपली पडली म्हणजे बरं झालं असं नसतं, आत्या. उद्या माझ्यासोबत चल, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू.”

“उद्या? द्राक्षांचा माल निघू दे, मग बघू. अन् सगळेच सांगत्यात, भाज्या-फळं खाल्ली की कॅन्सर होत नाय. ते खोटं हाय का?”

प्रश्न नेमका होता आणि तो मला झटकून टाकायचा नव्हता. आहार आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध संशोधक खरोखरच तपासत आहेत. पालेभाज्या आणि रंगीत फळे यांतील काही घटक उन्हाने होणारी पेशींची हानी थोडी कमी करत असावेत. मद्य धोका वाढवत असावे. पण हे निष्कर्ष अजून कच्चे आहेत, आणि ते बोलतात ते वर्षानुवर्षे साठत जाणाऱ्या धोक्याबद्दल. उगवलेली गाठ रसाने विरते, असे त्यांतले काहीही सांगत नाही.

हे सगळे मी तिला सांगितले. ऐकता ऐकता तिने एका घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून त्याला स्टेपलर मारला. मणी उन्हाने भाजू नयेत म्हणून ती भर दुपारी एकेक घड असा झाकत होती. स्वतःचा चेहरा मात्र उघडाच.

मी समजावण्याची वाट बदलली. “खतपाणी नीट असलेली वेल रोगाला कमी बळी पडते ना?”

“पडती की.”

“मग पानावर भुरीची पांढरी बुरशी दिसली की तू खत वाढवतेस?”

“येडी का तू? भुरीला फवारणी लागती. तीबी लगेच. थांबलं की बाग गेली.”

मी तिच्या नाकाकडे बोट केले. तिने माझ्याकडे रोखून पाहिले.

“मी काय वेल हाय का गं?”

“वेल असतीस तर एव्हाना फवारून झालं असतं.”

ती हसली नाही. साडीवर घातलेल्या शर्टाच्या खिशात स्टेपलर टाकत म्हणाली, “सकाळी किती वाजता निघायचं?”

डॉक्टरांनी पुळीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोगच निघाला, पण हळू वाढणारा आणि सहसा शरीरात न पसरणारा. आणखी खोल गेला असता तर नाकाचा आकार राहिला नसता, असे ते म्हणाले. शस्त्रक्रियेत तो पूर्ण निघाला. कापलेल्या भागाच्या कडेच्या पेशी तपासणीत निरोगी आल्या.

टाके काढून परतताना आत्या गाडीच्या खिडकीतून उन्हातल्या बागा बघत होती. मग म्हणाली, “माझ्या पोराला होईल का गं? तोबी दिवसभर उन्हातच असतो.”

“खाण्याचा भाग थोडा आहे. भाजी-फळं असू दे, दारू नको. उन्हाचा भाग मोठा. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, आणि न भरणारी जखम दिसली की लगेच दाखवायची.”

तिने तिथूनच मुलाला फोन लावला.

“बागंतच हायेस ना? टोपी घातली का? ... नाय रे, जेवला का ते नाय इचारलं. टोपी!”