माझ्या पडद्याविना झालेली गजी

मी जन्मभर पडदे रंगवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मारुतीच्या देवळाला दर वर्षी शेंदरी पट्टा मारला. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर असं की पाथर्डीच्या साहेबानं माणूस पाठवून कचेरीची पाटी माझ्याकडून करून घेतली होती. ते असो. हे सगळं काम मी एकट्यानं केलं. कुणाचं ऐकून रंग बदलायची मला सवय नाही. फक्त एक पडदा मी दुसऱ्यांच्या बरोबरीनं केला, तो धनगरांच्या गजीसाठी. गजी म्हणजे त्यांचा नाच. मधे मोठा ढोल, झांजा, आणि भोवती पांढऱ्या कपड्यातले गडी हातात रुमाल घेऊन फिरणार. त्या पडद्यापुढं ती गजी व्हायची होती. गजी झाली, पण तिथं पडदा नव्हता आणि मीही नव्हतो.

दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमचं गाव तिसगावपासून कोसभर. गावात हायस्कूलची नवी इमारत उभी राहिली होती आणि दिवाळीच्या आत तिचं उद्घाटन करायचं ठरलं. ड्रॉइंगचे मास्तर नगरचे, ब्राह्मणाघरचे, वयानं माझ्याहून लहान, पण डोक्यात सारखं काहीतरी शिजत असायचं. एक दिवस ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "पेंटर, यंदा भाषणं आणि हारतुऱ्यांवर भागवायचं नाही. तुमचा पडदा, धनगरांची गजी, आमच्या शाळेतल्या मुलींच्या ओव्या, सगळं मिळून एकच काम करू."

मी म्हणालो, "मास्तर, एका पातेल्यात खीर आणि पिठलं शिजत नाही."

"एका ताटात तर वाढता येतं ना?"

मी हो म्हणालो.

धनगरांचा वाडा दर पावसाळ्यात आमच्या ओढ्यापलीकडच्या माळावर पडायचा. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बायकापोरं, सगळा संसार. दिवाळी झाली की उठून जायचे. गजीचा म्होरक्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, मिशा पांढऱ्या, पण नाचायला लागला की गुडघे पंचविशीतले. मी त्यांना मामा म्हणायचो. आम्ही गेलो तेव्हा ते लोकर कातरत होते. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. मामांचा हात काही थांबला नाही.

"बघाया कोन येनार?" त्यांनी विचारलं.

"सगळं गाव."

"पाटील?"

"पाटील, सरपंच, सगळे येतील."

"उभ्या उभ्या का बसून?"

मास्तर म्हणाले, "सतरंज्या घालणार आहोत. बसून बघतील."

तेव्हा कातर खाली आली. "मंग नाचू. ऐका मास्तर, रानाला खत पायजे आसलं का आमी पाव्हनं. 'या, बसवा मेंढरं.' आन एक कोकरू बांधावर गेलं का काठी घिऊन पळत्यात. पानी प्यायला देत्यात ते बी वरून वतून. एकदा ह्या गावानं खाली मातीत बसून मान वर करून आमच्याकडं बघावं. दुसरं काय बी नगं."

मोबदल्याचं मास्तर काही बोलायला गेले, तर मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मास्तरांनी चष्माच पुसायला काढला.

मी पडद्याला लागलो. मांजरपाट शिवून घेतलं, रंग चिकटायला सरस उकळला, रंग खलले. हिरवा डोंगर काढला, ओढा काढला, झाडं काढली, आणि कळपच्या कळप मेंढरं. मला वाटलं, खूश होतील. मास्तरांनी पडदा माळावर दोन बांबूंना बांधला आणि गडी त्याच्यापुढं नाचायला उभे राहिले. मामा मधेच थांबून मागं आले, लांब उभं राहून बघायला लागले.

"पेंटर, ही मेंढरं हायत का उश्या?"

पोरं हसली, बायका हसल्या.

"आन ह्यात आमी कुठं हाय? झाडात झाड, मेंढरात मेंढरू. माजा भाऊच मला दिसंना."

मी पडदा सोडला, गुंडाळला आणि घरी आलो. चार दिवस त्या बाजूला फिरकलो नाही. माझं चित्र धनगरानं नाकारलं, ह्याचा राग होता. खरं सांगतो, बोलणं बरोबर होतं ह्याचा जास्त होता. पाचव्या दिवशी मीच ओढा ओलांडून गेलो आणि बाजूला बसून त्यांचा सराव बघितला. ढोल आधी संथ वाजतो. गडी पाय असा टाकतात, जसा काही जमिनीला विचारून टाकला. मग रुमाल वर जातात, ढोल चढतो, आणि पांढरं पांढरं नुसतं फिरताना दिसतं. मी घरी गेलो आणि सगळ्या पडद्यावर गेरू आणि पिवडीचा, म्हणजे तांबड्या-पिवळ्या मातीच्या रंगाचा, हात मारला. मेंढरं गेली, झाडं गेली. उघडा माळ ठेवला आणि वर संध्याकाळचं आभाळ.

त्यानंतर मी रोज दुपारी जायचो. ते नाचायचे, मी बघायचो, आणि घरी येऊन आभाळाचा रंग कमीजास्त करायचो. त्यांनीही माझं ऐकलं. गजीचा फेरा सगळीकडून बंद असतो. मी म्हणालो, एका बाजूनं जरा उघडा, म्हणजे मागचा माळ दिसेल. मामांनी दोन दिवस डोकं खाजवलं, मग गड्यांना तसं बसवलं. "बिरोबाला बी येगळं बघाया मिळंल," म्हणाले. मास्तरांच्या मुली ओव्या म्हणायच्या तेव्हा ढोल बोटांनीच वाजवायचा, हेही त्यांनीच काढलं.

पडदा मात्र पुन्हा त्यांच्यापुढं बांधला नाही. सरसातला रंग सारखा गुंडाळला, सोडला तर पापुद्रे निघतात. मी मास्तरांना सांगून टाकलं, आता एकदम त्याच दिवशी. चार वाजता सुरू करायचं, ऊन बघणाऱ्यांच्या पाठीकडून येऊन सरळ पडद्यावर पडलं पाहिजे, त्या उन्हासाठीच रंग लावलाय.

मामा म्हणाले, "मंजी ऊन आमच्या डोळ्यात. मान्सं कशी दिसनार?"

"मामा, माणसं तुम्हाला बघायचीत का माणसांनी तुम्हाला बघायचंय?"

"दोनी!"

त्या दिवशी गाव खरंच आलं. शाळेच्या भिंतीपुढं मी पडदा ताणून बांधला, सुरकुती नाही. गडी शाळेच्या मागं फेटे बांधत होते. पाहुणे साडेचारला आले. मग हार, मग भाषणं. एकाचं संपलं की दुसरा उठायचा. मी पडद्याच्या कडेला उभा राहून बघत होतो, सावली खालून चढत चाललेली, पडद्याचा खालचा माळ विझत आलेला. कितीतरी वेळानं शाळा कमिटीचे अध्यक्ष मास्तरांच्या कानाला लागले आणि मास्तर माझ्याकडं आले. तोंड उतरलेलं.

"पेंटर, पाहुण्यांना नगरला परत जायचंय. पाच मिनिटांत आटपा म्हणतात. ओव्या काढून टाकू, नुसती गजी ठेवू."

"पाच मिनिटं? म्हशीची धार काढायचीय का?"

"अहो, पाच तर पाच. सुरू तर होऊ द्या."

"मास्तर, दिवाळीचा फराळ आहे का हा, की चव बघितली आणि डबा लावला? महिनाभर माणसं राबलीत. धनगर आहेत म्हणून पाच मिनिटं ना? माझा पडदा असल्या कामाला नाही."

मास्तर काकुळतीला आले. मी शिडी लावली. सगळ्यांच्या देखत दोऱ्या सोडल्या, पडदा खाली घेतला, गुंडाळला आणि खांद्यावर टाकला. भाषण करणारा क्षणभर थांबला होता, एवढं आठवतंय. मला त्याचं बरंच वाटलं. शाळेच्या मागून गेलो. गडी रुमाल हातात घेऊन तयार उभे होते.

"चला मामा, आपलं काम इथं होत नाही."

मामांनी माझ्याकडं बघितलं, खांद्यावरच्या गुंडाळीकडं बघितलं. मी पुढं निघालो. ते मागून येतायत अशी माझी खात्री होती, म्हणून मी वळून बघितलं नाही.

गिरणीपर्यंत आलो आणि ढोल वाजला.

संथ चाल होती. मला वाटलं, पाच मिनिटं, आत्ता थांबेल. गुंडाळी गिरणीच्या ओट्यावर ठेवली आणि उभा राहिलो. ढोल थांबला नाही. चढला. आता रुमाल वर गेले असतील, आता फेरा उघडला असेल, हे मला आवाजावरून कळत होतं. मग शिट्ट्या, मग माणसांचा गलका, आणि पुन्हा पहिल्यापासून संथ चाल. लोकांनी सोडलंच नव्हतं त्यांना. मी आभाळाकडं बघितलं. भाषणांत ऊन गेलं असं मी मनात धरून बसलो होतो, पण ते गेलं नव्हतं. उलट तेव्हाच ते पिवळं, आडवं, मी पिवडीत जसं कालवलं होतं तस्सं पडलं होतं.

शाळा तिथून हाकेवर. दोन माणसं धरली असती तर पडदा परत बांधून झाला असता. नुसता बघायला तरी जाता आलं असतं. पण रागानं गेलेला पेंटर पाय ओढत परत आला, असं गावानं म्हणायचं? मी ओट्यावर बसून राहिलो. गिरणीवाला बाहेर येऊन म्हणाला, "पेंटर, तुमचाच कारेक्रम ना? हितं काय करताय?" मी म्हणालो, "पट्टा बदलला का रे तुझा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकानात आले. रस्त्यानं घोडी लादून चालली होती, पलीकडून बायका मेंढरं हाकत होत्या. दिवाळी अजून पुढं होती, पण माळावरचं गवत संपलं होतं.

"पेंटर, काल लोक खाली बसले. सतरंज्या पुरल्या न्हाईत. तुमचा पाटील धोतरासकट मातीत बसला!" लहान पोरासारखे हसत होते. मग म्हणाले, "तुमी का गेला?"

"तुमचा अपमान केला त्यांनी."

"आमचा?" मामा म्हणाले. "आमाला पाच मिन्टं बी कुनी दिली नव्हती कदी. ती घेतली. पुढची लोकांनी दिली. तुमी रागावला ते आमच्यासाठी, खरं हाय. पर आमाला इचारायचं की."

"मला शिकवू नका, मामा."

ते वाईट वाटून घेणाऱ्यातले नव्हते. "बरं," म्हणाले. "मागं नुसती चुन्याची भिंत हुती. नाचताना सारखं वाटायचं, पाठीवर कायतरी न्हाई." आणि मेंढरांच्या मागं निघाले.

त्यांच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते. पुढच्या साली पाऊस पडला नाही, वाडे गोदावरीच्या कालव्यांकडं उतरले, आणि तो वाडा आमच्या माळावर पुन्हा पडला नाही. मढीच्या यात्रेत दोनचार वेळा धनगरांना विचारलं, कुणी काही सांगितलं, कुणी काही. मास्तरांची बदली झाली. जाताना ते म्हणाले, "पेंटर, परत करू कधीतरी." मी मान हलवली.

आता मी लोकांना चूक का बरोबर ते विचारत नाही. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत मागणं चूकच होतं, हे मी आजही म्हणतो. पण माझ्या बरोबर असण्याचं मला काय मिळालं, ते गिरणीच्या ओट्याला ठाऊक.

परवा न्हाव्याकडं बसलो होतो. माझ्याच वयाचा एक जण तिथल्या पोरांना ती गजी सांगत होता. एका गड्याचा फेटा सुटला, तर त्यानं तो नाचता नाचता कमरेला गुंडाळला, पाय चुकू दिला नाही. हे मला माहीत नव्हतं. पोरं म्हणाली, काहीतरीच. तेव्हा तो माझ्याकडं वळला.

"पेंटरला विचारा. पेंटरनंच तर बसवली होती. का हो पेंटर, फेटा सुटला होता का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो. "सुटला होता." आणि त्याला म्हणालो, "सांग की पुढं. थांबलास का?"