एकच तपासणी लाल

पुण्याच्या एसटीत सोलापूरपासून शेजारी बसलेल्या पोरीचं नाव मी विचारलंच नाही. ओढणीचं टोक दातांत धरून ती लॅपटॉपवर दवाखान्यासाठीचा जावा प्रोग्राम तपासत होती. तिनंच समजावलं, जेयुनिट नावाचं साधन प्रोग्रामच्या आपोआप तपासण्या करतं; बरोबर असलं तर हिरवं, चुकलं तर लाल. बाकी सगळ्या हिरव्या आल्या, एकच लाल. तान्ह्या बाळाचं वजन घातलं की औषधाचा डोस जास्त निघत होता.

"ती तपासणीच काढून टाक, आज द्यायचंय," फोनवर तिचा साहेब ओरडला.

तिच्या वयात मी "हो साहेब" म्हणून वर गोड हसले असते. तेवढंच मला छान जमायचं!

ती म्हणाली, "तपासणी काढता येईल की सर. चूक तितंच राहील."

तिनं फोन ठेवला.

"नोकरी जाईल का गं?" मी विचारलं.

"जाईल बी, आजी," म्हणाली, आणि चूक शोधायला लागली.