आधी चपला

"आधी चपला सरळ कर, मग बोल."

मी रडत होते. मुळुमुळू नव्हे, चांगली हुंदके देऊन. आणि जिला मी आयुष्यात दुसऱ्यांदाच भेटत होते ती बाई मला दारातल्या चपलांकडे बोट दाखवत होती.

झालं असं होतं की, नवऱ्याच्या बँकेच्या पोस्टिंगवर टोकियोत, फुनाबोरीला येऊन आम्हाला जेमतेम पंधरवडा झाला होता. इथे जळणारा आणि न जळणारा कचरा वेगवेगळ्या वारी द्यायचा असतो, आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत मी प्रवासात तडकलेली लोणच्याची बरणी टाकली. काच त्यात चालत नाही, तिचा वार वेगळा. कचऱ्याची गाडी आली, अख्ख्या बिल्डिंगच्या पिशव्या घेऊन गेली आणि माझी एकटीची पिशवी लाल स्टिकर लावून रस्त्यावर ठेवून गेली. आतून कढीपत्त्याच्या काड्या दिसत होत्या, त्यामुळे पिशवी कोणाची हे कोणाला विचारायची गरज नव्हती. माझी पाचावर धारण बसली. आता आपली रवानगी थेट विमानतळावर, असं वाटून मी तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगमधल्या एकमेव ओळखीच्या दारावर जाऊन धडकले.

जपानी घरात दाराच्या आत एक पायरीभर खोलगट जागा असते, गेनकान. जोडे तिथे काढायचे आणि त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायची, म्हणजे निघताना पाय सरळ आत जातो. त्या बाईंच्या, म्हणजे ताईंच्या, गेनकानमध्ये मात्र मंगल कार्यालयाच्या दारात असतो तसा ढीग होता. त्यांच्या नवऱ्याचे बूट, पावसाळी गमबूट, सपाता, एकीवर एक. आणि सगळ्यात वर एक चप्पल उलटी.

आता तुम्हीच सांगा. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, ते आईच्या दुधातूनच येतं. मी हुंदका अर्धवट सोडून वाकले आणि ती सुलटी केली. मग तिची जोडीदारीण शोधली. मग वाकलेच आहे तर बाकीच्याही लावाव्यात म्हणून लावत बसले. एका कोल्हापुरीचा जोड काही केल्या सापडेना. ढीग संपला, तरी नाही.

"ताई, हिची दुसरी कुठाय?"

"दुसरी नाहीच आहे. ती फार मोठ्या दुःखासाठी ठेवलीय. तुझं आज काय झालंय?"

"काही नाही, कचऱ्यात चुकून बरणी गेली," मी म्हणाले, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. एवढंच तर झालं होतं.

त्यांचं नाव मी सांगत नाही. त्यांना कळलं तर फोन करून झापतील. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना एक भुवई वर ठेवणाऱ्या. ठाण्याहून नवऱ्याच्या मागोमाग आलेल्या. बिल्डिंगमधल्या आम्हा सगळ्या मराठी बिऱ्हाडांच्या ताई. कोणाचाही धीर सुटला की पाय आपोआप तिसऱ्या मजल्याकडे वळायचे, आणि प्रत्येकाचं स्वागत त्याच एका वाक्याने व्हायचं. कोणी दीर्घ श्वास घे वगैरे सुचवलं की त्या उखडायच्या. "श्वास काय, तो घेतच असतो आपण. नुसता श्वास घेत बसलं की माणसाला आणखी आठवतं. हाताला काम दे."

त्यांचं शास्त्र असं होतं, की खाली वाकून हाताने काहीतरी लावत असताना माणसाला मोठ्याने रडता येत नाही. "करून बघ," त्या म्हणायच्या. मी घरी दार लावून करून बघितलं. खरंच येत नाही.

चौथ्या मजल्यावरचे देशपांडे ताईंच्या तावडीत कसे सापडले ते सांगायलाच हवं. देशपांडे इंजिनियर, नागोयात एक मोठा प्रोजेक्ट सांभाळायचे आणि शनिवार-रविवार घरी यायचे. एका शनिवारी ते तणतणत आले. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. झालं होतं असं की, जेवताना त्यांनी मुलीला मराठीत काहीतरी विचारलं, तिने जपानीत उत्तर दिलं, त्यावर बायको हसली, आणि कशाला हसली ते देशपांड्यांना कळलं नाही.

"देशपांडे, आधी चपला," ताई आतूनच म्हणाल्या.

"ताई, मी असल्या अंधश्रद्धा मानत नाही."

"मी कुठे म्हटलं माना?"

देशपांडे उभ्यानेच बोलू लागले. संस्कृती, मातृभाषा, पुढची पिढी. पण नजर सारखी त्या उलट्या चपलेकडे. हात शिवशिवतोय हे मला लांबून दिसत होतं. "आणि उद्या ही पोरगी..." एवढं म्हणून ते वाक्याच्या मधोमध खाली वाकले. इंजिनियरच ते. नुसते जोड लावून थांबले नाहीत, मापाप्रमाणे रांग लावली. उठले तेव्हा चेहरा निवळला होता.

"काय म्हणत होतो मी?"

"मुलगी जपानी बोलते म्हणत होतात."

"हां. पण छान बोलते हो ती, अगदी त्यांच्यासारखी," देशपांडे म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. त्यांची पाठ वळताच ताईंनी पायाच्या अंगठ्याने ढीग पुन्हा विस्कटला आणि एक चप्पल नीट नेम धरून उलटी केली.

हे शास्त्र त्यांनी आणलं कुठून, ते मला पुढे कळलं. ताई जवळच्या एका पाळणाघरात मदतनीस होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना जेवढे तास काम करू देतात तेवढेच तास, पण ते काम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इथे आल्यावर पहिली काही वर्षं त्या जपानी बोलायच्या भीतीने दुकानातसुद्धा नुसती मान हलवायच्या. भाषा शिकल्या त्या दोन-दोन वर्षांच्या पोरांकडून. तीच पोरं त्यांना हाक मारायची, बोट धरायची, अंगावर दूध सांडायची. ठाण्यात बावीस वर्षं संसार केला पण स्वतःची अशी एक जागा पहिल्यांदा इथे मिळाली, हे त्या हसतहसत सांगायच्या. मला नोकरी लागली तेव्हा माझा मुलगाही त्याच पाळणाघरात गेला. पहिल्या दिवशी त्याने दारातच भोकाड पसरलं. ताईंनी त्याला उचललं नाही, चुचकारलं नाही. त्याचे इवलेसे बूट काढले, एक उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "कुत्सु, कुत्सु." कुत्सु म्हणजे बूट. तो उचक्या देत उकिडवा बसला आणि बूट सुलटा करू लागला.

मी बघतच राहिले. "म्हणजे ताई, तुम्ही मला..."

"तुला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता," ताई म्हणाल्या. भुवई वर.

सगळ्या बिल्डिंगला दोन वर्षांचं पोर समजणाऱ्या या बाईची एकच दुखरी जागा होती. दर फेब्रुवारीत नवऱ्याच्या मुंबईच्या ऑफिसातून निरोप यायचा. पोस्टिंग अजून एक वर्ष, किंवा परत. आणि परत म्हणजे त्यांचा व्हिसा गेला, पाळणाघर गेलं. त्या बोलायच्या नाहीत. पण फेब्रुवारीत त्यांच्याकडे गेलं तर गेनकानमध्ये एकही चप्पल वाकडी सापडायची नाही. सगळ्या त्यांनी स्वतःच लावून ठेवलेल्या असायच्या. मग निरोप यायचा, आणखी एक वर्ष मिळायचं, आणि ढीग परत मूळ पदावर यायचा.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. ताई होत्या. त्या आत आल्या त्या बुटांसकट, थेट स्वयंपाकघरापर्यंत. जपानात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने बुटांनी घरात यावं म्हणजे काय झालं असेल, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मला एकच सुचलं. मी गेनकानमध्ये गेले, बुटांचं कपाट उघडलं आणि आमच्या सगळ्यांचे जोडे खाली ओतले. त्यांच्यादेखत एक चप्पल उलटी टाकली.

"आधी चपला सरळ करा, मग बोला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता तीच चप्पल अंगावर येणार. पण त्या दारापर्यंत आल्या. पायातले बूट काढले, खाली बसल्या आणि लावू लागल्या. माझी चप्पल, नवऱ्याचे ऑफिसचे बूट, मुलाचे गमबूट. आणि लावता लावता, वाकलेल्याच, त्या ओक्साबोक्शी रडल्या.

"तुमचं शास्त्र खोटं निघालं, ताई," मी म्हणाले.

"लहान पोरांना लागू पडतं गं," त्या नाक ओढत म्हणाल्या. "मला जायचं नाहीये."

"घरी सांगितलंत?"

"काय सांगू? ते इतके खूश आहेत. कालपासून ठाण्याच्या घराचा रंग ठरवतायत."

"सांगा तरी. चुकलं तर चुकलं."

त्यांनी मुलाचा शेवटचा गमबूट जोडीला लावला, हात झटकले आणि म्हणाल्या, "हं. चहा टाक."

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या. "सांगितलं."

"मग?"

"मग काय. सगळं ऐकून घेतलं. उठले, आणि दारातल्या सगळ्या चपला लावून आले. माझ्यासुद्धा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा."

जायचं ते काही टळलं नाही. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, त्याला नवऱ्याचाही इलाज नव्हता. ठाण्यात पाळणाघरं नाहीत थोडीच, असं त्या म्हणत राहिल्या. मीही हो म्हणत राहिले.

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला आल्या. हातात एक कापडी पिशवी. "ही तुला. जपून वापर, उठसूट काढू नकोस." मी आत न बघताच समजले. त्या माझ्या मुलाला पोटाशी धरत होत्या तेवढ्यात मी हळूच गेनकानमध्ये गेले आणि त्यांच्या बुटांची तोंडं फिरवून घराकडे केली.

त्या पायरीशी आल्या, बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. भुवई वर गेली.

"गाढवे," म्हणाल्या. बूट वळवले मात्र नाहीत. खाली उतरून तसेच पायात घातले आणि माझ्याकडे तोंड करूनच, दाराला हाताने चाचपत, मागच्या मागे बाहेर पडल्या. लिफ्ट येईपर्यंत त्यांनी पाठ फिरवली नाही.

मी दार लावलं. पिशवीतून ती एकटी कोल्हापुरी काढली, गेनकानमध्ये सगळ्या जोड्यांच्या मध्ये उलटी टाकली, आणि तिचा जोड शोधायला बसले.