फाळक्यावरचा सत्कार
परवा इथल्या मराठी मंडळाने सत्कारात माझ्या खांद्यावर शाल घातली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मला ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतल्या आमच्या युनिव्हर्सिटीतली एक मोठी फुटबॉल मॅच आठवली. माझ्या लॅबमधला एक जण व्हिएतनामच्या युद्धात पाय गमावून आलेला, माजी सैनिकांच्या स्कॉलरशिपवर शिकणारा. हाफटाइमला सत्कारासाठी त्याला मैदानाच्या मधोमध नेलं, तसं सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत उठलं. बोचऱ्या वाऱ्यात भाषण संपता संपेना. तो कृत्रिम पायावर उभाच, आणि एक खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही! मी वर बसून नुसती चरफडत होते. मॅचनंतर पार्किंग लॉटमध्ये मी त्याच्या पिकअपचा मागचा फाळका पाडला आणि म्हटलं, "बस. आमच्याकडे ज्याचा सत्कार, त्याला आधी बसवतात." तो बसला. कोटावर घेतलेली आईची, अशाच वासाची शाल मी त्याच्या खांद्यावर घातली. त्याने शालीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझा दोस्त तिथून परत आलाच नाही," आणि बाजूला सरकून त्याने शालीचं एक टोक शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरलं. आता तोही नाही. परवा स्टेजवर मी खुर्चीत जरा सरकूनच बसले.