अखेर फुलाबाई चालल्या!

मी लग्न होऊन कामथडीला आले तेव्हा मला एवढंच ठावं, की दुपारच्या पारी कुणी ताट वाजवलं तर एकतर पोर झालं, न्हाईतर साप निघाला. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, फुलाबाईंनी, माझी ही समजूत पार मोडून टाकली. त्यांना सगळेच आक्का म्हणतात, मीबी आक्काच म्हणते. एकदा अशीच भाकरी थापत व्हते आन शेजारून खणाखणा ताट वाजायला लागलं. मी पिठाच्या हातानं धावले. बघते तर आक्का ओट्यावर उभ्या, एका हातात ताट, दुसऱ्या हातात उलथनं.

"आक्का, काय झालं? कोण पडलं?"

"पडतंय कोण? आगं मंगल, शिलिंडर अजून संपला न्हाई! गौरी-गणपतीला लावलेला, त्याच्यावर दिवाळीचा फराळ झाला!"

आन माझ्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. हिकडं माझी भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली, आन ह्यांचा गॅस वाचला म्हणून मी गूळ खायचा! असा संताप आला म्हणून सांगू.

पण बाईचं ते थांबेना. लाईट बिल कमी आलं, वाजवलं ताट. महिन्याचा किराणा महिनाभर पुरला, वाजवलं ताट. एकदा तर डॉक्टरनं शुगरची गोळी अर्धी केली म्हणून वाजवलं, आन समोरच्या बनाबाई काठी घेऊन साप शोधत बसल्या. मी एक दिवस तोंडावरच म्हणाले, "आक्का, लोक हसत्यात." तर म्हणतात कशा, "मोठ्या लोकांना शाल मिळती, नारळ मिळतो. आपल्याला कोण शाल घालणार गं? आपलं ताट आपणच वाजवावं." मी आपली गूळ तोंडात टाकून घरी आले.

आता गोळीचं न पायाचं सांगते, कारण खरी मेख तिथंच हाय.

दोन वर्षांमागं आक्कांच्या भावाच्या, कोंडिबाच्या, पोरीचं लग्न झालं. भोंगवलीला, त्यांच्या दारातच मांडव. आक्का तेव्हा अंगानं लई जड व्हत्या, गुडघे धरलेले, काठीबिगर पाऊल पडत न्हवतं. हळदीला खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. कोंडिबा सकाळपासनं धावून धावून दमलेला. आचारी त्याच्या नावानं वरडतोय, पाव्हणे वरडतायत, आन वाटेत मधोमध बहिणीची खुर्ची. तो वैतागून बोलून गेला, "आक्के, तुला आता चौघांनी उचलल्याबिगर तू काय हलायची न्हाईस!"

मांडव आधी हसला. मंग एकदम गप झाला. चौघं कुणाला उचलत्यात, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? कोंडिबाच्याबी ध्यानात आलं असणार, पण जीभ सुटली ती सुटली. आक्कांचा चेहरा पांढराफटक. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या दारात आता येईन ती माझ्या पायानं, कुणाच्या हाताला हात न लावता. न्हाईतर मी मेले समज."

ती माघारी आली आमची बाई. त्या दिवसापासनं बोलणं बंद. राखी न्हाई, भाऊबीज न्हाई. फोनमधनं नंबरसुद्धा काढून टाकला. तिकडं तोबी तसलाच, एकाच आईचं दूध. मी मनात म्हणायचे, आता दोघंबी साठीच्या पुढंमागं आलीत, ह्या हट्टापायी एखाद्याचं काही बरंवाईट झालं तर दुसऱ्यानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

पण आक्कांनी रडत बसायचं सोडून चालायला घेतलं. पहिल्यांदा ओट्यापासनं गोठ्यापर्यंत. ताट. मंग आमच्या गिरणीपर्यंत. ताट. मंग मारुतीपर्यंत, मंग हायवेच्या फाट्यापर्यंत. साखर सोडली, भात कमी केला, आन जमिनीवर मांडी घालून बसून हात न टेकता उठायला लागल्या, तेव्हा तर ताटाला पोचा पडला. आन गेल्या बुधवारी भल्या पहाटं उठून बाई काठीबिगर चालत थेट नसरापूरला गेल्या न् चालत माघारी आल्या! मी तोंडाला हात लावून बघतच राहिले. ही ती खुर्चीतली बाई?

"आता जमलं गं," त्या मला म्हणाल्या. "भोंगवलीचा चढ आता मला काय करतोय? ह्या भाऊबीजेला जाते. माझ्या पायानं." डोळे भरून आले व्हते त्यांचे. खरं सांगते, माझेबी.

हितं खरं तर गोष्ट सरळ संपायची. पण आमच्या घरात एक शहाणा हाय ना! आमचे हे. नाव घ्यायचं तर अमृत, गिरणी चालवत्यात, आन डोक्यातबी तिथलाच भुसा. वहिनी एवढं चालल्या तर त्यांचा फ्लेक्स नको का लागायला? कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस असला तरी फाट्यावर फ्लेक्स लागतोय! मला न विचारता, आक्कांच्या मालकांना न विचारता, हे गेले न् घेऊन आले.

शुक्रवारी मी फाट्यावर भाजी आणायला गेले आन वर बघितलं. माणसापेक्षा उंच आक्का! फोटू आधार कार्डाच्या वेळचा, ज्यात माणूस आधीच अर्धा मेल्यागत दिसतोय. भोवतीनं झेंडूच्या माळा. वर भगव्या अक्षरात, कोसभर लांबनं दिसंल असं: "अखेर फुलाबाई चालल्या!" आन खाली मुंगीएवढ्या अक्षरात: घर ते नसरापूर, बिनकाठीनं, हार्दिक अभिनंदन, शुभेच्छुक अमृत पिठाची गिरणी.

तडक गिरणीत गेले. "आहो, काय लावलंय ते?"

"मस्त झालाय ना?"

"मस्त? जितीजागती बाई पोचवलीत तुमी! चालल्या म्हंजे कुठं चालल्या?"

"नसरापूरला. खाली लिवलंय की."

"खालचं वाचायला दुर्बीण पाहिजे! आधी काढा ते."

"आठवड्याचं भाडं भरलंय," म्हणाले, आन चक्की सुरू केली, म्हंजे माझं बोलणं ऐकू यायला नको.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कांच्या ओट्यावर आळीतल्या बाया जमलेल्या. नसरापूरच्या चालण्याचे गूळ-शेंगदाणे संपतच न्हवते. दारात चपलांचा ढीग. आनंदराव भाऊजी, म्हंजे आक्कांचे मालक, बाहेर बाजेवर टॉवेल खांद्यावर टाकून बसलेले. आक्का आत दुसरी परात भरत व्हत्या. तेवढ्यात रस्त्यानं आवाज आला. "आक्के गंऽऽ! माझ्या आक्के गंऽऽ!"

कोंडिबा! वडापच्या जीपमधनं उतरून, टोपी कुठं, पाय कुठं, छातीशी एक पिशवी धरून पळत येतोय. दारात चपला बघितल्या, बाया बघितल्या, आन भाऊजींच्या गळ्यातच पडला.

"दाजी, मला कळवलं का न्हाई?"

भाऊजींना जरा कमी ऐकू येतं, आन माणूस भोळा. त्यांना वाटलं, मेव्हणा चालण्याबद्दलच विचारतोय. ते म्हणाले, "आरं, कळवायला वेळ कुठं व्हता? पहाटं उठली आन चालली."

"पहाटं!" कोंडिबानं कपाळ बडवलं. "लई तरास झाला का वो?"

"न्हाई बा. जरा दम लागला, घाम आला. मंग एकदम शांत."

मी वरडणार व्हते. देवाशपथ वरडणार व्हते. पण तोंडात शेंगदाणे, त्यातला एक घशात अडकला. मी नुसती हात हलवतेय, बनाबाई माझ्या पाठीत गुद्दे घालतायत, आन लांबनं बघणाऱ्याला वाटावं, धाकटी जाऊ काय शोक करतीय!

"माझं नाव काढलं का वो शेवटी?" कोंडिबा लहान पोरागत विचारत व्हता.

"रोज काढायची," भाऊजी म्हणाले. "पाऊल टाकताना तुझंच नाव असायचं तोंडात."

तसा तो माणूस खाली मातीतच बसला. "माझी जीभ जळाली असती तर बरं झालं असतं! चौघांनी उचलायचं म्या बोललो, तेच लागलं तिला. म्याच मारली माझी बहीण!" असं रडणं मी गड्याचं कधी बघितलं न्हाई. बायांच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

आन आतनं परात घेऊन आक्का आल्या. "कोण रडतंय रं एवढं?"

कोंडिबानं वर बघितलं. रडणं मधल्यामधी तुटलं. तोंड उघडं ते उघडंच. त्यानं एकदा भाऊजींकडं बघितलं, एकदा बायांकडं, परत आक्कांकडं, आन बसल्या जागी ढुंगणावर मागं सरकायला लागला. त्याची छातीशी धरलेली पिशवी घसरली आन आतलं बाहेर पडलं. हिरवंगार लुगडं. नवं, घडीचं.

सवाष्ण बाई गेली की माहेरचं हिरवं लुगडं नेसवल्याबिगर तिला उचलत न्हाईत. सगळ्यांना कळलं. माझा शेंगदाणाबी तेव्हाच सुटला.

"आवो, त्या चालल्या म्हंजे चालत गेल्या!" मी बोंबलले. "पायानं! नसरापूरला! ह्यांच्या गिरणीला आग लागो, मेल्यांनी फ्लेक्स लावलाय!"

मंग कोंडिबानं तुटक तुटक सांगितलं. पुण्याला निघालेला, यष्टीच्या खिडकीतनं बोर्ड दिसला. बारीक अक्षरं यष्टीतनं कोण वाचणार? नसरापूरला उतरला. "माती झाली का व्हायचीय, काय ठावं न्हवतं. म्हणलं, माहेरचं लुगडं तरी अंगावर पडू दे तिच्या. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? म्हणलं बहिणीसाठी. म्हणाला, भाऊबीजेचं आत्ताच घेताय व्हय? म्या हो म्हणलं, दाजी. दुसरं काय सांगू?"

आक्का खाली वाकल्या, कुठं हात न टेकता. लुगडं उचललं. पदराचा काठ बोटांनी चाचपला.

"आक्का, टाका ते!" बनाबाई किंचाळल्या. "अशुभ असतं!"

"गप गं. दोन वर्षांनी माहेरचं लुगडं आलंय. मेल्यावर नेसवलं असतं तर मला रंग कुठं दिसला असता?" आन भावाला म्हणाल्या, "उठ. तोंड धू. चहा पी. मंग जाऊ तुझ्या घरी. भाऊबीजेपर्यंत थांबायला लागलो तर तुझे दाजी आणखी कुणाकुणाला रडवतील."

त्या आत जाऊन तेच लुगडं नेसून आल्या. मला म्हणाल्या, चल. मला बाई घाम फुटलेला, पण गेले. फाट्यावर यष्टीची वाट बघत त्या आपल्याच फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या, आन येणारी-जाणारी माणसं एकदा वर बघत व्हती, एकदा खाली. एक म्हातारा तर हात जोडून भराभरा निघूनच गेला.

भोंगवलीला उतरलो तेव्हा उन्हं कलली व्हती. स्टँडपासनं घरापर्यंतचा चढ मी पायाखाली घातला तेव्हा मलाच धाप लागली. कोंडिबा दर चार पावलांनी हात पुढं करायचा. आक्का हात मागं घ्यायच्या. "नको. बोललेय म्या." अर्ध्यात थांबल्या, घाम टिपला, ओठ दाबले. आता पडल्या तर ह्या बाईला मी काय सांगून उठवू? पण परत पाऊल उचललं. दार आलं. कोंडिबाच्या बायकोनं, नूतननं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती बिचारी नणंदेला पायापासनं डोक्यापर्यंत बघत व्हती, तिलाबी आधी नवऱ्याचा रडता फोन गेलेला.

आक्का उंबरा ओलांडून आत गेल्या. नूतननं खुर्ची पुढं केली, ती त्यांनी पायानं बाजूला सारली. खाली जमिनीवर मांडी घालून बसल्या. घोटभर पाणी पिल्या. आन हात न टेकता, भावाच्या डोळ्याला डोळा लावून, सरळ उठून उभ्या राहिल्या.

"कोंडिबा," त्या म्हणाल्या, "ती तुझी चौघं कुठं हायत रं? बोलव त्यांना. चहा घेऊन जाऊ देत. त्यांचं काम न्हाई आता."

कोंडिबानं हसावं का रडावं, त्याला कळेना. तो गर्रकन वळून सैपाकघरात गेला, हाताला लागलं ते ताट आन पळी घेऊन दारात आला, आन जीव खाऊन वाजवायला लागला. आळीतली माणसं धावली. काय झालं, काय झालं? तो गळा फाडून वरडला, "माझी आक्का चालली! माझी आक्का चालली!"

समोरच्या दारातल्या सखूबाईंनी पदर तोंडाला लावला न् हंबरडा फोडला.

"चालत आली म्हणा!" मी त्याच्या हातातलं ताट हिसकून घेतलं आन मीच वाजवायला लागले. "आवो, चालत आली म्हणा, चालत आली!"