चौबळांचा पहिला घोट

आखातातल्या अल मनखूलच्या त्या मद्याच्या दुकानात विक्रेते दत्तप्रसाद चौबळांशी ज्याची पहिली गाठ पडली, तो काळे केस घेऊन आत शिरला आणि पांढरे घेऊन बाहेर पडला, अशी ख्याती होती. बारा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीची बाटली मागावी, तर चौबळांचं सांगून होईस्तोवर ती अठरा वर्षांची होई.

“ग्लेनबारो? वा, साहेब! जव भिजवतात, आपल्या मटकीसारखे मोड आणतात. मग दलदलीतली माती वाळवून पेटवायची, तिच्या धुरावर ते सुकवायचे. दळायचे, आंबवायचे, तांब्याच्या हंड्यातून दोनदा अर्क काढायचा आणि ओकच्या पिंपात निजवायचा. जुन्या हंड्याला पोचा असला, तर नव्यालाही तिथंच पोचा ठोकतात. चव बदलायला नको!”

एवढं ज्ञान, पण जिभेवर कधी थेंब नाही. सगळा कारभार वासावर.

अशात कंपनीनं जाहीर केलं, की एका कर्मचाऱ्याला आठवडाभर ग्लेनबारोची भट्टी बघायला स्कॉटलंडला धाडणार. अट एकच, सहा पेले चाखून ओळखायचे. अकरा वर्षं त्या हंड्याच्या दर्शनासाठी झुरणाऱ्या चौबळांचं तोंड उतरलं.

“अहो, गिळायचंय कुठं?” त्यांच्या पत्नी शोभनाताई म्हणाल्या. “तोंडात घोळवायचं, थुंकायचं, खलास!”

आठ दिवस बेसिनपाशी कोकम सरबतावर तालीम चालली.

“बाबा, दॅट्स सो ग्रोस!” वरद किंचाळला.

“गप रे. बाबा स्कॉटलंडला चाललेत,” शोभनाताईंनी दटावलं.

“इन्शाल्ला,” चौबळ तोंड पुसत म्हणाले.

परीक्षेला शेजारच्या काउंटरचा रोनितही होता. “चौबळ सर, तुमच्यापुढे आम्ही काय, नुसते खोके उचलणारे!”

परीक्षकानं पेल्यात पळीभर सोनेरी द्रव ओतला. तेवढंसं बघून चौबळांच्या पन्नास वर्षांच्या सवयीनं तालमीवर मात केली. पेला उजव्या तळव्यावर रिकामा झाला, तळवा ओठांना लागला, तीर्थ पोटात गेलं आणि ओला हात डोक्यावरून फिरला. थुंकायचं भांडं कोरडंच.

“सर, स्पिट!” रोनित कुजबुजला.

“तीर्थ थुंकतात का रे?” चौबळ भक्तिभावानं म्हणाले.

पहिले चार त्यांनी अचूक ओळखले. पाचवा पोटात जाताच मात्र त्यांना परीक्षकाची कणव आली. त्याच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी ग्लेनबारोच्या मूळ पुरुषापासून सुरुवात केली. त्या गृहस्थाचं लग्न लागेपर्यंत वेळ संपली. शेवटचे दोन पेले अनुत्तरित राहिले.

रोनितचे पाच बरोबर आले. स्कॉटलंडला तो गेला.